सगळ्यांच्या मागे घरतकाका

चौदा कुटुंबांना शनिवारी पहाटे साडेपाचला एका पेट्रोल पंपावर गोळा करणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. मी गेली आठ वर्षं करतेय, आणि खरं सांगायचं तर आता दमलेय. आमचा फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांचा क्लब आहे. चारही चाकांना जोर असलेल्या दांडग्या गाड्या घ्यायच्या, त्या महिनाभर कामोठे ते महापे अशा ट्रॅफिकमध्ये रखडवायच्या, आणि महिन्यातून एकदा डोंगरात, नदीत, चिखलात नेऊन तिथंच तंबू ठोकून राहायचं, असा हा शौक. शौक चौदा घरांचा आणि डोकेदुखी एकटीची, कारण क्लबची चिटणीस मी. ग्रुपवर 'कोण कोण येणार?' असं विचारलं की बारा अंगठे येतात, एक नमस्कार येतो आणि एकजण विचारतो, "टॉयलेटचं काय?" मग त्या एका प्रश्नावर साठ मेसेज होतात आणि तारीख ठरायची राहूनच जाते.

असे साठ मेसेज वाचून झाले की मला घरतकाका आठवतात. काकांना जाऊन दीड वर्ष होऊन गेलं. क्लबच्या सगळ्या सहली तेच आखायचे, मी नुसती नावाची चिटणीस. ते होते तोवर या कामाचा शीण मला कधी कळलाच नाही, कारण तो सगळा ते एकटे वाहत होते. हे मी त्यांना एकदाही बोलून दाखवलं नाही, याचं वाईट वाटतं.

काका जासईचे. बुटके, रापलेले, रुंद पंजाचे. पासष्टी ओलांडलेली. खाकी हाफपँट, पांढरा हाफशर्ट आणि डोक्याला फडकं हा वेश कुणाचं लग्न असेल तरच बदलायचा. त्यांच्या वडिलांची खाडीकाठच्या खारीतली भातशेती बंदराच्या कामात गेली आणि तिथं कंटेनरचं यार्ड झालं. जमीन गेली आणि नोकरी मिळाली, तीही एका यार्डातच. कुठला ट्रेलर कधी सुटला, कुठं अडकला, परत कधी आला, यावर नजर ठेवायचं काम त्यांनी तीस वर्षं केलं. मुलांनी पुढं ट्रेलरचाच धंदा केला, तीन मजली घर बांधलं, दारात चकचकीत मोटार आणली. काकांनी मात्र स्वतःसाठी एक जुनी ताडपत्रीची जीप घेतली आणि रिटायर झाल्यावर आमच्या क्लबात आले. या वयात हे कुठून सुचलं, असं मी एकदा विचारलं होतं.

"उगडी जमीन बगाया," ते म्हणाले. "आमच्याकरं आता जमिनीवर डबे हायत. एकावर एक पाच. जमीन दिसतच नाय."

डबे म्हणजे कंटेनर. ऑफरोडिंग हा शब्द तर त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. त्यांच्या लेखी आम्ही रानात जायचो.

आखणीची बैठक दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भरायची. माझ्या गाडीच्या बॉनेटवर काका शंभर पानी वही पसरायचे आणि कानामागची पेन्सिल काढायचे. आम्ही पाच-सहा जण भोवती उभे. वॉचमनला बरेच दिवस वाटत होतं की आम्ही सोसायटीच्या इलेक्शनची तयारी करतोय. पहिल्याच बैठकीत निखिलनं, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात उत्साही गड्यानं, टॅब काढून भाषण सुरू केलं होतं. "काका, सकाळी साडेपाचला निघू. नऊला ब्रेकफास्ट. अकराला नदी क्रॉस..."

"घरी कवा?" काकांनी विचारलं.

"म्हणजे?"

"आयतवारी शेवटची गाडी घरी कवा पोचते?"

"ते बघू ना काका, तेव्हाचं तेव्हा. आत्तापासून काय टेन्शन घ्यायचं?"

"मग मी नाय येत," काका म्हणाले आणि वही मिटायला लागले.

निखिलचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शेवटी वहीच्या कोऱ्या पानाच्या तळाशी पहिली ओळ लिहिली गेली ती 'रविवार, सहा वाजता, शेवटची गाडी घरी.' मग तिथून काका उलटे वर वर येत गेले. सहाला घरी, म्हणजे तीनला डांबरी रस्त्याला लागलं पाहिजे, म्हणजे एकला नदी ओलांडलेली पाहिजे, म्हणजे अकराला तंबू उठले पाहिजेत. असं करत करत शनिवारची पहाट पानाच्या अगदी वरच्या ओळीवर यायची. निघायची वेळ त्यांच्या आखणीत सगळ्यात शेवटी ठरायची.

"निगायची घाई सगल्यांनाच असते," ते म्हणायचे. "येयाचा कोन बगनार?"

तो येण्याचा हिशेब ते प्रवासातही स्वतःकडे ठेवायचे. चौदा गाड्यांच्या रांगेत त्यांची जीप कायम चौदावी. पुढच्या गाड्यांचा धुरळा खात, त्या ताडपत्रीच्या आत, एसी नाही की खिडकीला काच नाही. वॉकीटॉकीवर आम्ही सगळे अखंड बडबडायचो, त्यातले अर्धे तर गाणीच म्हणायचे. काकांचं मात्र एकच वाक्य असायचं. कुठं चढण आली, कुणी बिचकलं, रांग थांबली की खरखर होऊन त्यांचा आवाज यायचा. "चला पुढं, मी हाय मागं." एवढ्यानं माणसं पुढं जायची. मीही त्याच वाक्यावर सहा वर्षं पुढं गेले.

माझी त्यांची खरी ओळख वाळूत झाली. नवी गाडी घेऊन मी पहिल्यांदाच गेले होते. नवऱ्याला असल्या कशात रस नाही, त्याला सुट्टीत झोपायचं असतं, म्हणून एकटीच. नदीच्या कोरड्या पात्रात गाडी रुतली. मी आपली घाबरून ॲक्सिलरेटर दाबतेय, चाकं गरागरा फिरताहेत, गाडी पोटापर्यंत खाली चाललीय, आणि चौफेर पुरुष मंडळींचे सल्ले. डावीकडे कापा मॅडम, रिव्हर्स घ्या मॅडम. काका मागून चालत आले.

"बाय, बंद कर," ते म्हणाले. मी बंद केली. "गाडी दमली. जरा बसू दे तिला."

मग ते चाकापाशी उकिडवे बसले आणि एका काडीनं चारही चाकांतली हवा निम्मी सोडली. थर्मासमधला बिनसाखरेचा चहा मला दिला. दहा मिनिटं कुणीच काही करायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं आणि आमच्या लोकांना हे फार जड गेलं. मग चाकांपुढं गोणपाट अंथरून ते म्हणाले, "आता मुंगीच्या पायानं." गाडी हलकेच वर आली.

"तुमी लोक जोर लावता," ते मला सांगत होते. "जोर नाय लावायचा. वजन कमी करायचा. जमिनीला वजन सोसत नाय गो."

नदीच्या बाबतीत ते फारच चिकट होते. त्यांच्याकडे पुरुषभर उंचीची एक बांबूची काठी होती. तिच्यावर तांबड्या रंगाचे तीन पट्टे, घोटा, गुडघा आणि मांडी. पाणी आलं की सगळ्यांना थांबवायचे, चपला काढायचे आणि ती काठी टेकवत स्वतः पलीकडे चालत जाऊन परत यायचे. ज्या पाण्यातून ते चालले नाहीत त्यातून गाडी जाणार नाही, हा नियम. एकदा भर हिवाळ्यात आम्ही पाच तास गाड्या हाकत एका नदीवर पोचलो, काका पाण्यात उतरले, अर्धा तास चाचपडले आणि येऊन म्हणाले, "नाय. मधी खोल हाय. इकरंच ऱ्हायाचा." सगळे नाराज. पलीकडचं पठार डोळ्यांसमोर दिसत होतं. तंबूंच्या खुंट्या ठोकतोय तोच मागून एक ट्रॅक्टर आला, त्यावर दोन माणसं, चार बकऱ्या, आणि तो आमच्यादेखत धडधडत पाण्यात शिरून आरामात पलीकडे गेला. आमच्यात जो हशा पिकला तो थांबेना. निखिल तर टाळ्या वाजवत होता. मला वाटलं, म्हातारा आता चिडेल. काकाही हसत होते.

"त्याची नदी हाय," ते म्हणाले. "त्याला म्हाईत हाय. आपन पाव्हने."

आम्ही पाहुणे आहोत, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की कधी कधी वैताग यायचा. सहलीच्या आधीच्या आठवड्यात ते जागेची पाहणी करायला एकटे जायचे. त्यांचा गुडघा बोलायला लागला तेव्हा सोबत म्हणून मी जायला लागले. आमची नेहमीची जागा कर्जतच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत, आंबेमाळ नावाची वाडी. तिथल्या हिरूबाईचं भाताचं रान नदीला लागून होतं. पीक निघालं की ते मोकळं असायचं आणि तिथं ती आम्हाला उतरू द्यायची. साठीची बाई, काटक, कमी बोलणारी. सहा वर्षं ती दरवेळी 'हो' म्हणत आलेली. तरी काका दरवेळी तिच्या ओट्यावर जाऊन बसणार. आधी पाण्याची चौकशी, मग भाताची, मग म्हशीची. एक चहा होणार. मग परत भात. कोलम बरा की जया बरा. दुसरा चहा झाल्यावर हळूच, "हिरूबाय, शनवारी आमची पोरा यायची म्हनतात." ती थोडा वेळ रानातल्या आंब्याच्या झाडाकडे बघणार आणि म्हणणार, "येऊ द्या दादा. आंब्याच्या आत गाडी नको."

एकदा परतताना मी म्हटलं, "काका, फोनवर दोन मिनिटांचं काम होतं. अख्खा रविवार गेला."

"हो म्हनाया तिला येल लागतो," ते म्हणाले. "आपला येल नाय तो. तिचा हाय."

घरी कपडे धुवायचे पडले होते, सोमवारी महाप्याला सकाळची मीटिंग होती, आणि मला त्या म्हशीशी काही देणंघेणं नव्हतं. तेव्हा हे असंच वाटलं होतं, ते लपवत नाही.

मग काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एप्रिलच्या मध्यावर. वर्षानुवर्षं थंड पाण्यात उतरून झिजलेला गुडघा डॉक्टरांनी बदलला आणि दोन महिने जीपला हात लावायचा नाही असं सांगितलं. एक मेला जोडून सुट्ट्या आल्या होत्या. ग्रुपवर आरडाओरडा सुरू झाला, काका नाहीत म्हणून काय क्लब बंद करायचा का? मी वही मागून आणली. आंबेमाळच्या पानावर काकांच्या गोल अक्षरात तीन ओळी होत्या. 'आंब्याच्या आत गाडी नको. बाईला विचारायचे. होळीनंतर जायचे नाही.' बाकी पान कोरं. होळीनंतर का नाही, ते लिहिलं नव्हतं. मला वाटलं, उन्हामुळे. वयस्कर माणूस, उन्हाचा त्रास होत असेल. हिरूबाईकडे जायला वेळ नव्हता, तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून मी तिच्या मुलाला फोन लावला. तो खोपोलीला कंपनीत कामाला. "या की ताई," तो म्हणाला. "रान मोकळंच हाय आता." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

नऊ गाड्या गेलो. रस्त्यात एकाचं चाक पंक्चर, एकाचं मूल ओकलं, पोचेपर्यंत दिवस मावळायला आलेला आणि सगळे आंबलेले. नदीकाठच्या त्या रानात या खेपेला गवत नव्हतं. अर्धा तुकडा काळा, जळून गेलेला, अगदी सपाट. उरलेल्या अर्ध्यावर सुक्या फांद्या, पाला आणि शेणाचा थर नीट पसरून ठेवलेला. निखिल म्हणाला, "बेस्ट! साप नाही, विंचू नाही, आगीची भीती नाही." आणि दुसरा कुणीतरी म्हणाला, "सरपण पण आयतं!" मला आंब्याचं झाड दिसत होतं. त्याच्या आत जायचं नाही हेही माहीत होतं. पण तंबूला सपाट जागा आतच होती, पोरं भुकेजली होती, आणि मी इतकी दमले होते की कुणाशी वाद घालायचा नव्हता. मी म्हटलं, लावा. नऊ गाड्या त्या काळ्या तुकड्यावर गेल्या. पसरलेल्या फांद्या ओढून आम्ही शेकोटी केली, वांगी भाजली, कोंबडी भाजली, गाणी झाली.

सकाळी हिरूबाई बांधावर उभी होती. ती किती वेळची उभी होती, कोण जाणे. तिनं गाड्यांकडे बघितलं, शेकोटीच्या राखेकडे बघितलं आणि मला एवढंच विचारलं, "दादा नाय आलं?"

तो भाताचा राब होता. आमच्यासारख्यांना सांगावं लागतं म्हणून सांगते. कोकणपट्टीत भात थेट शेतात पेरत नाहीत. आधी एका तुकड्यावर झाडांच्या फांद्या, पाला, शेण यांचा थर रचतात, तो उन्हाळ्यात जाळतात, आणि पावसाच्या तोंडावर त्या भाजलेल्या जमिनीत बी टाकून रोपं काढतात. तीच रोपं मग सगळ्या रानात लावायची. हिरूबाईनं मार्चपासून डोंगरातून डोक्यावरून भारे आणून तो थर रचला होता. अर्धा जाळून झाला होता, त्यावर आम्ही गाड्या घातल्या. अर्धा जाळायचा होता, त्यावर आम्ही कोंबडी भाजली. आम्ही जे काही द्यायला गेलो ते तिनं घेतलं नाही. रागावलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

काकांना सांगायला मी जासईला गेले. ते गच्चीवर होते. गच्चीवर अर्धे कापलेले निळे ड्रम ओळीनं ठेवलेले, त्यांत माती. आपल्या गेलेल्या शेतातलं भाताचं बी काका दर पावसाळ्यात त्या ड्रमांत लावायचे, पसाभर भात निघायचा, त्यातलं पुढच्या वर्षाला बी ठेवायचे. हे मला त्या दिवशी कळलं. खायला नव्हे, नुसतं बी जिवंत राहावं म्हणून. समोर यार्डातले कंटेनर दिसत होते, खरंच एकावर एक पाच.

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"किती गाड्या?"

"नऊ."

"हिरूबायला इचारला व्हता?"

"तिच्या मुलाला."

ते बराच वेळ ड्रममधली माती बोटांनी सारखी करत राहिले. मग म्हणाले, "तुजी चूक आर्दी. मी कारन लिवला नाय. मना वाटला, हे कोनाला म्हाईत नसंल?" आणि थोड्या वेळानं, अगदी थकलेल्या आवाजात, "मी तिला शब्द दिल्ता गो. तुमच्या रानाला काय व्हनार नाय म्हनून. आमच्या रानाच्या येलेला पन असाच शब्द दिल्ता लोकांनी."

मला तिथं रडू आलं. काकांनी रडू दिलं, समजूत घातली नाही.

"पाऊस कवा?" ते स्वतःशीच मोजत होते. काकांनी मनातल्या मनात पान तळापासून लिहायला घेतलं होतं, हे माझ्या लक्षात आलं. "मिरगाला बी पेराया पायजे. म्हंजे त्याच्या आदी राब जळायला पायजे. म्हंजे आठ दिसांत पाला रचायला पायजे. चल. शनवारी."

काकू जिन्यातून वर आल्या होत्या. "खूल लागलंय काय?" त्या ओरडल्या. "गुडगा बदललाय, डोकं नाय बदललं! डाक्टर काय बोलला ऐकला नाय?"

"मी बसून ऱ्हाईन," काका म्हणाले. काकूंनी माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरले नाही.

ग्रुपवर मी सरळ लिहिलं की आपण काय केलंय आणि शनिवारी काय करायचंय. बारा अंगठे आले. शनिवारी पंपावर तीन गाड्या आल्या. त्यांत निखिल होता, हे मला अपेक्षित नव्हतं. त्यानं टॅब आणला नव्हता, दोन कोयते आणले होते.

काका माझ्या शेजारी पाय लांब करून बसून आले. त्यांची जीप घरीच होती. काकूंनी किल्ली लपवून ठेवली होती म्हणे. आंबेमाळला पोचल्यावर ते नेहमीसारखे हिरूबाईच्या ओट्यावर गेले. ओट्याच्या दोन पायऱ्या चढायला त्यांना पाच मिनिटं लागली. या वेळी पाणी, म्हैस काही विचारलं नाही.

"हिरूबाय, माज्या पोरांनी राब तुडवला," ते म्हणाले. "रचून देतो."

ती चहा ठेवायला आत गेली.

शनिवार आणि रविवारचा अर्धा दिवस आम्ही डोंगरातून पाला आणला. मे महिन्याचं ऊन. फांद्या तोडायच्या, भारा बांधायचा, डोक्यावर घ्यायचा, उतरायचं. एका खेपेला माझी मान धरली, तिसऱ्या खेपेला निखिल एका दगडावर बसून नुसता धापा टाकत होता. हिरूबाई आणि तिच्या दोन जावा आमच्या एका खेपेत दोन करत होत्या आणि बोलत नव्हत्या. महिन्याभराचं काम दीड दिवसात होत नसतं. आम्ही रचलेला थर पातळ होता, ते सगळ्यांना दिसत होतं.

काकांनी बसून राहायचं वचन दुपारपर्यंत पाळलं. मग कधी उठून राबावर गेले कळलं नाही.

निघायच्या आधी त्यांनी हिरूबाईला फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी दिली. "आमच्या खारीचा बी हाय," ते म्हणाले. "तुज्या रानात बरा येईल का नाय, म्हाईत नाय. टाकून बग कोपऱ्यात." तिनं ती उघडून दाणे तळहातावर घेतले, एक दाणा दातानं फोडून बघितला आणि पुरचुंडी कमरेला खोचली. आमच्याकडून तिनं घेतलेली ती एकच वस्तू.

मग म्हणाली, "दादा, आता गाड्या नको."

"बरोबर हाय," काका म्हणाले.

त्यांनी वही मागितली आणि आंबेमाळच्या पानावर आडवी रेघ मारली. सहा वर्षं चहा पिऊन जपलेली जागा.

पुढं पाऊस आला, श्रावणात एका दुपारी काका आरामखुर्चीतच गेले, आणि मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर ते राहिले ते त्या रविवारचे, आंबेमाळचे.

बाकीच्या गाड्या पुढं निघाल्या होत्या. मी माझी गाडी आंब्याच्या अलीकडे सुरू करून उभी ठेवली होती आणि काका काही येईनात. आरशात बघितलं. ते त्या काळ्या तुकड्यावर होते. आमच्या चाकांनी दाबून दगडासारखे केलेले पट्टे तसेच होते. काका आपली तांबड्या पट्ट्यांची काठी त्या पट्ट्यांत रोवत होते, हलवून माती मोकळी करत होते, मग एक पाऊल मागं सरत होते. मोकळ्या केलेल्या मातीवर आपला पाय पडू नये म्हणून उलटे चालत होते. नवा गुडघा वाकत नव्हता, तो पाय ते नुसता ओढून घेत. एक पट्टा संपला की दुसरा. नऊ गाड्यांचे अठरा पट्टे. हिरूबाई बांधावर उभी होती.

"ऱ्हाऊ द्या दादा," ती म्हणाली. "नांगर फिरंल तवा व्हईल."

ते थांबले नाहीत. मी खाली उतरले आणि हाक मारली. "काका, चला. सहाला घरी पोचायचंय."

त्यांनी वर बघितलं नाही. काठी धरलेला हात तेवढा किंचित उचलला.

"चल पुढं," ते म्हणाले. "मी हाय मागं."

त्यांची जीप जासईला दारात उभी होती. मी गाडीत जाऊन बसले, इंजिन बंद केलं आणि थांबले.